समरीत ‘व्हायरल फीवर, ? डेंग्यू’, प्लेटलेट ४१ हजार: अंतिम कोड कोणता लावायचा?

रेकॉर्डरूम_सोलापूर

नमस्कार मंडळी. खासगी रुग्णालयाच्या एमआरडीतला (वैद्यकीय नोंदी विभाग, जिथे डिस्चार्ज समरीवरच्या निदानाला आयसीडी कोड लावतात) प्रश्न आहे. पावसाळा लागल्यापासून अशाच फाइली येतायत, म्हणून एक नमुना मांडतो. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

स्त्री, वय ३४. तापाच्या चौथ्या दिवशी भरती, आठव्या दिवशी डिस्चार्ज. एनएस१ (डेंग्यू विषाणूचं प्रथिन) कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह, एलायझा (प्रयोगशाळेतली पक्की चाचणी) पाठवलेली नाही. प्लेटलेट रोजच्या क्रमाने: १,४२,०००, मग ५८,०००, ४१,०००, ६३,०००, ९६,०००. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण): ३८, ४३, ४६, ४१, ३८. यकृताच्या चाचण्या: एसजीओटी २१२, एसजीपीटी १६८. तापाच्या सहाव्या दिवशी सोनोग्राफी: पित्ताशयाच्या भिंतीला सूज, पोटात थोडं पाणी, उजव्या फुप्फुसाभोवती किंचित पाणी. नर्सिंग नोटमध्ये त्याच दिवशी ‘सकाळपासून सहा उलट्या, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त’. डॉक्टरांच्या राउंड नोटमध्ये मात्र पाचही दिवस ‘नो ब्लीड, व्हायटल्स स्टेबल’. शॉक नव्हता, बीपी कायम १०० च्या वर. सर्वांत कमी नोंद सहाव्या दिवशी रात्री २ वाजता १०२/८४. प्लेटलेट चढवलेल्या नाहीत, फक्त सलाइन.

समरीवर अंतिम निदान: ‘व्हायरल फीवर विथ थ्रॉम्बोसायटोपेनिया (प्लेटलेट कमी होणं), ? डेंग्यू’.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ए९० (डेंग्यू) आणि ए९१ (हिमोरेजिक म्हणजे रक्तस्रावी डेंग्यू) एवढेच दोन कोड दिसतात. सहकारी म्हणतो, हिरड्यांतून रक्त आलं म्हणजे हिमोरेजिक, ए९१ लाव. टीपीएने (विमा दावे तपासणाऱ्या संस्थेने) क्वेरी टाकली आहे की निदान आणि भरतीचं कारण जुळत नाही. थ्रॉम्बोसायटोपेनियाचा कोड वेगळा द्यायचा का, हेही सांगा.

नोसोलॉजी_कट्टा

आधी सॉफ्टवेअरचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये (आजारांच्या वर्गीकरणाच्या यादीत) २०१६ च्या आवृत्तीपासून ए९० आणि ए९१ काढून टाकले आहेत. त्यांच्या जागी ए९७ आला: ए९७.० धोक्याची लक्षणं नसलेला डेंग्यू, ए९७.१ धोक्याची लक्षणं असलेला, ए९७.२ गंभीर म्हणजे सिव्हियर डेंग्यू, ए९७.९ प्रकार न लिहिलेला. तुमच्याकडे जुना मास्टर (कोडची यादी) लोड आहे. व्हेंडरकडे २०१९ ची आवृत्ती मागा. मात्र जुने कोड डिलीट करायला लावू नका, ते ‘निष्क्रिय’ करून ठेवायला सांगा. मागच्या वर्षांच्या नोंदी त्यांच्यावरच उभ्या आहेत, आणि वार्षिक तुलनेत ए९०, ए९१ आणि ए९७ यांची बेरीज घ्यावी लागते. नाहीतर कोड बदलला त्या वर्षी डेंग्यू एकदम शून्यावरून उगवल्यासारखा दिसतो.

आता ए९१. सहकाऱ्यांना सांगा, हिरड्यांतून रक्त आलं म्हणून डेंग्यू ‘हिमोरेजिक’ ठरत नाही. जुन्या १९९७ च्या निकषांत हिमोरेजिक म्हणायला चार गोष्टी एकत्र लागत: २ ते ७ दिवसांचा ताप, रक्तस्रावाची प्रवृत्ती, प्लेटलेट १ लाख किंवा त्याखाली, आणि प्लाझ्मा गळतीचा (रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपल्याचा) पुरावा. २००९ च्या वर्गीकरणात श्लेष्मल त्वचेतून, म्हणजे हिरड्या, नाक वगैरेंतून होणारा रक्तस्राव हे धोक्याचं लक्षण आहे. ‘गंभीर’ म्हणायला रक्तस्राव तीव्र असल्याचं डॉक्टरांनी ठरवावं लागतं.

तुमच्या फाइलमध्ये ए९७.१ चा ऐवज भरपूर आहे. सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सोनोग्राफीत पाणी, आणि हिमॅटोक्रिट ३८ वरून ४६, म्हणजे २१ टक्के वाढ, तीही प्लेटलेट कोसळत असतानाच. पण हा ऐवज लॅबच्या कागदांवर आणि नर्सिंग नोटमध्ये पडून आहे, निदानात नाही. कोड निदानाला लागतो, आकड्याला लागत नाही. आपण चार रिपोर्ट जोडून ए९७.१ लावला तर ते निदान आपण केलं असं होतं, आणि तो आपला अधिकार नाही.

फाइल आज जशी आहे तशीच कोड करायची म्हटली तर? आयसीडीच्या दुसऱ्या खंडातला नियम असा की उपचार संपताना मुख्य निदान ‘संशयित’ किंवा प्रश्नचिन्हासह लिहिलेलं असेल आणि पुढे काहीच खुलासा मिळत नसेल, तर ते सिद्ध झालंय असं धरून कोड द्यायचा. म्हणजे ए९७.९. सोबत बी३४.९ चिकटवू नका, डेंग्यू धरला की मोघम ‘व्हायरल’ला जागा उरत नाही. पण ‘खुलासा मिळत नसेल’ हे शब्द महत्त्वाचे. डॉक्टर त्याच इमारतीत आहेत, तेव्हा आधी क्वेरी टाका. क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही. साधारण अशी:

> *रुग्ण क्र. —. तापाचा ४ था ते ८ वा दिवस. एनएस१ कार्ड पॉझिटिव्ह. हिमॅटोक्रिट ३८–४६–३८. प्लेटलेट किमान ४१,०००. सोनोग्राफी: पोटात व उजव्या फुप्फुसाभोवती पाणी. नर्सिंग नोट, ६ वा दिवस: सहा उलट्या, हिरड्यांतून रक्त. राउंड नोट, ६ वा दिवस: ‘नो ब्लीड’.*
> *वरील नोंदी पाहून कृपया अंतिम निदान स्पष्ट करावे: (१) डेंग्यू, धोक्याच्या लक्षणांविना (२) डेंग्यू, धोक्याच्या लक्षणांसह, कोणती ते लिहावे (३) गंभीर डेंग्यू, कोणत्या निकषावर ते लिहावे (४) डेंग्यू नाही, अन्य निदान (५) सांगता येत नाही.*
> *प्लेटलेट कमी होण्याचे कारण आपल्या मते काय?*

‘ए९७.१ लावायला धोक्याची लक्षणं लिहून द्या’ अशी चिठ्ठी पाठवली तर ऑडिटमध्ये पहिली तीच उघडी पडते. क्लेमच्या रकमेचा उल्लेख तर क्वेरीत कधीच नको.

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर थ्रॉम्बोसायटोपेनिया ठरतो. ‘डेंग्यूमुळे’ असं लिहून आलं आणि त्यासाठी रोज तपासणी झाली असेल तर डी६९.५ दुय्यम म्हणून द्या. कारण लिहिलं नाही तर डी६९.६. ताप, अंगदुखी, डोकेदुखी यांचे आर-कोड नकोत, ती डेंग्यूचीच लक्षणं आहेत. पोटातल्या आणि छातीतल्या पाण्याचंही तसंच: नुसतं सोनोग्राफीत दिसलं तर वेगळा कोड नाही, ऑक्सिजन लागला किंवा पाणी काढावं लागलं आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं, तर विचार करा.

सीपीसी_हिंजवडी

नोसोलॉजी सरांनी लिहिलं ते इथल्या रुग्णालयांसाठी बरोबर. पण ग्रुपवर अमेरिकन चार्ट (रुग्णांच्या फाइली) कोड करणारेही बरेच आहेत, त्यांनी हे तसंच उचलू नये. अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएममध्ये ए९७ हा गटच नाही, तिथे डेंग्यूला ए९० आणि हिमोरेजिक डेंग्यूला ए९१ असंच चालतं. ए९७.१ टाकलात तर अवैध कोड म्हणून क्लेम दारातूनच परत येईल. नवी यादी दर वर्षी १ ऑक्टोबरला लागू होते, तेव्हा डिस्चार्जच्या तारखेची यादी उघडा.

या फरकातून एक अडचण कायम येते. डॉक्टर २००९ च्या भाषेत ‘सिव्हियर डेंग्यू’ लिहितात आणि कोडसंच १९९७ च्या भाषेत ‘हिमोरेजिक’ विचारतो. दोन्ही एक नाहीत. एएलटी (म्हणजेच एसजीपीटी) १००० च्या वर गेलेला किंवा मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूला सूज) झालेला डेंग्यू गंभीर असतो, पण त्यात रक्तस्राव असेलच असं नाही. ‘सिव्हियर’ या एका शब्दावरून ए९१ लावू नका. क्वेरी टाका, आणि अवयवाचा सहभाग स्वतंत्र कोडने दाखवा.

संशयित निदानाचा नियमही तिथे दोन तोंडांचा आहे. भरती रुग्णाच्या डिस्चार्जवेळी ‘प्रोबेबल डेंग्यू’ लिहिलं असेल तर ए९० लागतो. ओपीडीत किंवा इमर्जन्सीतून घरी पाठवलेल्या रुग्णाला तेच शब्द असतील तर लागत नाही, तिथे आर५०.९ ताप, पुरळ, सांधेदुखी, जे लिहिलं असेल ते. झिका मात्र अपवाद. ए९२.५ हा भरती रुग्णालाही फक्त ‘कन्फर्म्ड’ लिहिलं असेल तरच. कोणती टेस्ट केली याचा कागद लागत नाही, डॉक्टरांचं निदानाचं वाक्य पुरतं. ‘सस्पेक्टेड झिका’ असेल तर लक्षणं किंवा झेड२०.८२१. डेंग्यूची सवय हाताला बसली की झिकाच्या चार्टमध्ये चूक हमखास होते, कारण दोन्ही एकाच प्रवासाच्या इतिहासातून येतात.

गरोदर रुग्णात आधी ओ९८.५ मालिका (तिमाहीप्रमाणे ओ९८.५११, ५१२, ५१३) आणि त्यानंतर ए९०. क्रम उलटा केला तर एडिट (सॉफ्टवेअरची चूक-सूचना) लागतो. थ्रॉम्बोसायटोपेनिया ‘ड्यू टू डेंग्यू’ असेल तर डी६९.५९.

पीओएबद्दल (भरतीच्या वेळी आजार होता का, याची खूण): डेंग्यू तिसऱ्या दिवशी सिद्ध झाला तरी पीओए ‘वाय’च, आजार घेऊनच रुग्ण आला होता. प्लेटलेटचं तसं नाही. येताना १,४२,००० आणि दुसऱ्या दिवशी ५८,००० असेल, तर थ्रॉम्बोसायटोपेनियाचा पीओए डॉक्टरांना विचारावा लागतो. नोंद अपुरी असेल तर ‘यू’, आणि डॉक्टरांनीच ‘ठरवता येत नाही’ असं लिहिलं तर ‘डब्ल्यू’. ही दोन अक्षरं एकमेकांच्या जागी वापरू नका.

फिजिशियन_रत्नागिरी

सोलापूरकर, तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीवर सगळ्यांनी थांबायला हवं. ‘शॉक नव्हता, बीपी कायम १०० च्या वर’ असं म्हणून तुम्ही १०२/८४ दिलंय. वरचा आकडा सोडा, दोहोंतला फरक बघा. १८ आला. डेंग्यूत पल्स प्रेशर (हाच फरक) २० किंवा त्याहून कमी होणं हे शॉकचं लक्षण आहे, सिस्टॉलिक (वरचा आकडा) अजून धरून असलं तरी. प्लाझ्मा गळू लागला की शरीर रक्तवाहिन्या आवळतं, खालचा आकडा वर चढतो आणि बीपी वरवर ‘नॉर्मल’ दिसतं. तोही तापाच्या सहाव्या दिवशी, हिमॅटोक्रिट ४६ असताना. ती नोंद खरी असेल तर हा ए९७.१ नसून ए९७.२ असू शकतो. मशीनच्या कफची चूकही असू शकते. म्हणून क्वेरीत ही नोंद वेळेसकट घाला आणि त्या सुमारास नाडी, हातपायांचं तापमान, कॅपिलरी रिफिल (नख दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारा वेळ) आणि पुन्हा घेतलेलं बीपी काय होतं, ते विचारा.

डॉक्टर मंडळींसाठी: समरीत ‘ताप ४ दिवस’ एवढं पुरत नाही. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते लिहा. डेंग्यूतला प्रत्येक रिपोर्ट त्या तारखेवरून वाचायचा असतो. एनएस१ पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं) साधारण पाचव्या दिवसानंतर. दुसऱ्या दिवशीचं आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू खोडायचा नसतो आणि नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह आलं म्हणून लिहायचाही नसतो, ते जुन्या संसर्गाचं असू शकतं. दुसऱ्यांदा डेंग्यू होणाऱ्यात आयजीएम कमीच राहू शकतं.

‘प्लेटलेट ४१ हजार’ हे भरतीचं कारण म्हणून लिहू नका. टीपीए तिथेच धरतो, आणि वैद्यकीयदृष्ट्याही तो आकडा एकटा गंभीरता ठरवत नाही. भरती कशासाठी केली ते लिहा: ‘सततच्या उलट्या, तोंडाने पाणी टिकत नाही, हिमॅटोक्रिट वाढतंय.’ प्लेटलेट चढवल्या असतील तर कारण आणखी स्पष्ट हवं. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रक्तस्राव नसताना प्रतिबंधक म्हणून १०,००० च्या खाली, किंवा मग रक्तस्राव, हे निकष आहेत. ३०,००० ला चढवल्या आणि राउंड नोटमध्ये रोज ‘नो ब्लीड’ असेल, तर त्या पिशव्यांचं समर्थन फाइलमध्ये कुठेच सापडणार नाही. ‘नो ब्लीड’ हा टेम्प्लेटमधून आपोआप उतरणारा शब्द आधी काढा. हिरड्या बघून तो हाताने टाइप करावा.

आणि अचानक फार खाली गेलेली प्लेटलेट स्मिअरवर (काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली) पाहिल्याशिवाय निदानात घेऊ नका. ईडीटीएच्या (रक्त न गोठू देणाऱ्या रसायनाच्या) नळीत गुठळ्या धरल्या की मशीन खोटा आकडा देतं.

साथरोग_कक्ष

कोडिंग आणि सूचना देणं (रुग्ण सरकारला कळवणं) या दोन वेगळ्या वाटा आहेत, त्यांची गल्लत होते म्हणून लिहितोय. कीटकजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कन्फर्म्ड डेंग्यू म्हणजे एनएस१ एलायझा किंवा आयजीएम मॅक-एलायझा. कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह असलेला रुग्ण प्रोबेबल म्हणून जातो. आयजीएमचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तयार होऊन कार्यक्रमातल्या सेंटिनल (देखरेखीसाठी नेमलेल्या) रुग्णालयांना मिळतात. कार्ड पॉझिटिव्ह आला की नमुना जवळच्या सेंटिनल प्रयोगशाळेत पाठवा, सोबत ताप सुरू झाल्याची आणि नमुना घेतल्याची तारीख. त्या दोन तारखांशिवाय तिथे कोणती चाचणी लावायची हेच ठरत नाही.

आयएचआयपी या साथरोग कळवण्याच्या सरकारी पोर्टलवर रुग्णालयाने पी फॉर्म भरायचा, प्रयोगशाळेने एल. त्यासाठी डिस्चार्जची वाट पाहू नका, अंतिम कोडची तर नाहीच. पत्ता आधारवरचा नको, गेल्या दोन आठवड्यांत रुग्ण जिथे राहत आणि दिवसभर काम करत होता तो हवा. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. आधारवर गाव असतं, रुग्ण एमआयडीसीत खोली घेऊन राहतो, आणि आमची टीम रिकाम्या घराच्या टाक्या तपासत बसते. खरा पाण्याचा बॅरल तिकडे तसाच राहतो.

महिनाअखेरीस एमआरडीचे ए९७ आणि पोर्टलवरचे कन्फर्म्ड रुग्ण जुळत नाहीत. ते जुळणारही नाहीत. एकीकडे डॉक्टरांचं निदान मोजलं जातं, दुसरीकडे एलायझा. आकडे जुळवायला कोड बदलू नका.

रेकॉर्डरूम_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. पल्स प्रेशर माझ्या नजरेतून सुटलं होतं. क्वेरी १०२/८४ च्या नोंदीसह टाकली. डॉक्टरांचं उत्तर: ते बीपी मशीनचं होतं, १० मिनिटांत हाताच्या कफने पुन्हा घेतलं तेव्हा १०४/७०, हातपाय गरम, कॅपिलरी रिफिल २ सेकंदांच्या आत, नाडी ८८. ही नोंद आयसीयू रजिस्ट्रारच्या कॉल नोटमध्ये होती, मुख्य फाइलला जोडलेली नव्हती. निदान आलं: ‘डेंग्यू, धोक्याच्या लक्षणांसह (सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्तस्राव, वाढते हिमॅटोक्रिट व घटत्या प्लेटलेट); डेंग्यूमुळे दुय्यम थ्रॉम्बोसायटोपेनिया; शॉक नाही.’

म्हणजे ए९७.१ आणि डी६९.५. जुनी समरी आता बदलून छापायची का?

नोसोलॉजी_कट्टा

नाही. जुनी समरी तशीच राहील. आजची तारीख, वेळ आणि सही असलेली पुरवणी नोंद तिला जोडा, त्यात ‘क्वेरी क्र. — च्या उत्तरात’ असा उल्लेख असू द्या. मागची तारीख टाकलेली ‘सुधारित समरी’ टीपीएकडे आधीच गेलेल्या प्रतीशी जुळत नाही, आणि मग खरं निदानसुद्धा खोटं वाटतं. कॉल नोट फाइलला लावून पानांचे क्रमांक नव्याने द्या. टीपीएला तिन्ही एकत्र पाठवा: मूळ समरी, पुरवणी, कॉल नोट.

वॉर्ड_क्लार्क_२४

याच विषयातला एक प्रश्न. डेंग्यूचा रुग्ण दगावला तर फॉर्म ४ वर (मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर) बहुतेक वेळा ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ पहिल्या ओळीत आणि डेंग्यू भाग २ मध्ये लिहून येतो. ते चालतं का?

नोसोलॉजी_कट्टा

चालत नाही, आणि ही चूक कोडच्या चुकीपेक्षा मोठी आहे. अरेस्ट ही मरणाची रीत झाली, कारण नव्हे. भाग २ मध्ये हातभार लावणारे आजार जातात. डेंग्यूनेच साखळी सुरू झाली असेल तर तो भाग १ मध्ये, सर्वांत खालच्या भरलेल्या ओळीत हवा. उदाहरणार्थ:

(अ) अनेक अवयव निकामी: २ दिवस
(ब) डेंग्यू शॉक सिंड्रोम: ३ दिवस
(क) गंभीर डेंग्यू, एनएस१ एलायझा पॉझिटिव्ह: ७ दिवस
भाग २: टाइप २ मधुमेह: १० वर्षे

मूळ कारण म्हणून ए९७.२ उचलला जातो. उजवीकडचा कालावधीचा रकाना रिकामा सोडू नका, साखळीचा क्रम बरोबर आहे का हे त्यावरूनच पडताळता येतं. वरच्या ओळीचा काळ खालच्यापेक्षा जास्त निघाला तर कुठेतरी ओळी उलट्या झाल्या आहेत. ‘? डेंग्यू’ लिहून एलायझा बाकी असेल तर फॉर्म वेळेत द्या, आणि अहवाल आल्यावर डॉक्टरांकडून दुरुस्ती लेखी स्वरूपात निबंधकाकडे पाठवा.

फिजिशियन_रत्नागिरी

एवढीच भर: त्या साखळीत लेप्टो, मलेरिया आणि स्क्रब टायफस नाकारले आहेत का, ते फाइलमध्ये दिसलं पाहिजे. पावसाळ्यात तिघंही ताप, घटलेल्या प्लेटलेट आणि वाढलेलं एसजीओटी घेऊन येतात. डेंग्यू आणि चिकुनगुन्या दोन्हींचं आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर ए९७ सोबत ए९२.० आपोआप लावू नका. दोन्ही संसर्ग आताचे आहेत असं डॉक्टरांनी लिहिलं तरच दोन कोड. चिकुनगुन्याचं आयजीएम काही महिने रक्तात रेंगाळू शकतं.